चावी व्हॉल्व्हवर आहे

४ फेब्रुवारी

कप्तानबाईंस,

वर काय लिहावं यातच सकाळ गेली. आमच्या गावच्या शाळेत गुरुजींनी पत्रं शिकवली ती दोनच प्रकारची. वडिलांना ‘तीर्थरूप’ आणि हेडमास्तरांना रजेचा अर्ज. बायकोला काय लिहायचं ते शिकवायच्या आत माझी शाळा सुटली. म्हणून धक्क्यावरचे लोक तुला ज्या नावाने हाक मारतात तेच लिहिलं. रागावू नकोस.

तू निघताना म्हणालीस, “फोन करू नका. फोनवर तुम्ही नुसतं ‘हं’ म्हणता. सांगायचं असेल ते लिहा. कागदावर ‘हं’ लिहायची तरी लाज वाटेल.” तेव्हा लिहितो आहे.

इकडे होडीवर सगळं ठीक. पुढच्या शिडाची उसवलेली शिवण दाभणाने दुहेरी घातली. तुझी शिवण ओळंब्यात असते, माझी सापासारखी गेली आहे, पण धरेल. डोलकाठीवरचा दिवा लागला. तू निघालीस त्या सकाळी मी त्याच्याच वायरीत अडकलो होतो. आणि मुख्य म्हणजे दोर. गेल्या हंगामापासून तू म्हणत होतीस की शिडाचा दोर हातातून सुटतो. ती तक्रार मी कायमची मिटवली आहे. अंगठ्याएवढा जाड, खरबरीत, नवाकोरा दोर आणला. आता सुटायची बिशाद नाही. वर चढवून बांधायला अजून वेळ मिळाला नाही, म्हणून त्याचं वेटोळं खाली केबिनच्या फळ्यांवर ठेवलं आहे. जाता येता ठेच लागते आणि तुझी आठवण होते.

आठवडाभर म्हणून बहिणीकडे गेलीस, आठवडा होऊन गेला. ताईंची तब्येत बरी आहे ना?

त्या सकाळी चहा घेताना तू बरंच काही बोलत होतीस. मी ऐकत होतो. ताईंच्या माडीवरच्या दोन खोल्यांचंच असणार. वर्षभर एका जागी राहायचं मी कबूल केलं आहे, विसरलेलो नाही. पण वारा चांगला आहे तोवर पुढचं बंदर गाठू आणि मग बघू, एवढंच माझं म्हणणं होतं.

एक विचारायचं राहिलं. इंजिनाची चावी खिळ्यावर नाही. गाद्यांखाली, डब्यांत, माझ्या सगळ्या खिशांत पाहिली. तुझ्या पर्समध्ये गेली का? मुद्दाम म्हणत नाही. चुकून.

तुझा,
मिस्त्री


१२ फेब्रुवारी

कप्तानबाईंस,

चावी सापडली. तुझ्यावर आळ घेतला, तो मागे घेतो.

तळात साचलेलं पाणी उपसायला फळी उचलली, तर इंजिनाला समुद्राचं पाणी नेणाऱ्या पाइपाचा व्हॉल्व्ह बंद, आणि त्याच्या दांडीला चावी टांगलेली. लाल दोऱ्यासकट.

हा नियम तुझा. होडी घेतली त्या पहिल्या वर्षी मी तो व्हॉल्व्ह बंद करून गाळणी साफ केली, उघडायला विसरलो आणि तसंच इंजिन चालू केलं. पाणी मिळेना म्हणून पंपातलं रबरी चाक जळून कोळसा झालं. नंतर कितीतरी दिवस तू येणाऱ्या जाणाऱ्याला सांगत होतीस, “आमचे हे इंजिनातले तज्ज्ञ.” तेव्हाच तू ठरवलंस. व्हॉल्व्ह बंद केला की चावी त्याच्या दांडीवर. म्हणजे इंजिन चालू करायला आलेल्या माणसाला आधी तिथे वाकावं लागेल आणि डोकं ठिकाणावर येईल. आणि ज्याने टांगली त्यानेच ती काढायची, दुसऱ्याने हात लावायचा नाही. देवापुढच्या नेमात मी कधीमधी सूट घेतली असेल, या नेमात नाही.

फळी हातात धरून मी तिथेच बसलो. पाइप पाहिला. वरून कोरडा, गुळगुळीत, चांगला. गाळणी स्वच्छ. काम काहीच निघालेलं नव्हतं. मग चावी कशाला? विचार करता करता उजेड पडला. इंजिन बंद, निघणं बंद, मी येईपर्यंत इथून हलायचं नाही. तोंडाने न बोलता बजावायची ही तुझी रीत. खोटं नाही सांगत, आधी हसू आलं. मग मात्र मनाला लागलं. बैल दाव्याला बांधून मालकीण माहेरी जाते, तसं वाटलं.

काढली नाही. फळी परत बसवली आणि दोराचं वेटोळं तिच्यावर सरकवून ठेवलं, म्हणजे सारखं तिकडे लक्ष जायला नको.

हल्ली मी तुझ्या बाजूला झोपतो. माझ्या बाजूला हत्यारं पसरली आहेत. काल दुपारी जरा आडवा झालो आणि अवकाळी सर आली. कपाळावर टप्प. तू ठेवायचीस ती पितळी वाटी उशाशीच होती, ती लावली. “अहो, माझ्या उशीवर गळतं,” तू म्हणायचीस. “त्याने होडी बुडत नाही,” मी म्हणायचो. बुडत नाही हे खरंच आहे. पण त्या जागी पडल्यावर कळलं, एक थेंब वाटीत पडला की माणूस पुढच्या थेंबाची वाट बघत राहतो. डोळा लागत नाही. तू इतकी वर्षं तिथे कशी झोपलीस?

मिस्त्री


२३ फेब्रुवारी

कप्तानबाईंस,

तुझी ठिबक थांबली. आधी हे लिहितो, बाकी मागून.

गळतं त्याच्या बरोबर वर मी छपराच्या फटींत पूर्वी दोनदा लांबी भरली होती, ती उगाच. होडीत पाणी शिरतं एकीकडे आणि ठिबकतं दुसरीकडे, हे दुसऱ्यांच्या होड्या दुरुस्त करताना मी त्यांना शहाणपणाने सांगत आलो. आपल्या होडीत मात्र डोळ्यांवर झापड. या वेळी आतल्या सगळ्या पट्ट्या उतरवल्या. वरून एकाने पाणी ओतावं लागतं, खालून दुसऱ्याने बघावं लागतं. दुसरं माणूस नाही. म्हणून धक्क्यावरच्या वॉचमनला बोलावलं. तो बादली घेऊन छपरावर चढला आणि म्हणाला, “मिस्त्री, कप्तानबाई रुसून गेल्या म्हणून होडीलाच अंघोळ घालताय काय?”

“रुसून नाही, बहिणीकडे गेली आहे.”

“आमची पण दरवेळी बहिणीकडेच जाते,” तो म्हणाला. “आणि त्या बहिणीचं अजून लग्नही झालेलं नाही, ती आईच्याच घरी असते. ओतू?”

ओत म्हटलं. त्याने ओतलं, आणि पाणी कुठून आत आलं सांगू? माझ्या देवाजवळून. होडी हेलकावली की मूर्ती पडायची, म्हणून मी देवाची फळी आरपार बोल्ट घालून छपराला आवळली होती ना, त्याच बोल्टाच्या भोकातून. तिथून पट्टीच्या आतून, लाकडाच्या उतारावरून सरकत सरकत थेट तुझ्या उशीपर्यंत. देव पडू नये म्हणून मी छपराला भोक पाडलं आणि त्याचं पाणी तुझ्या डोक्यावर सोडलं. रोज सकाळी मी कोरड्या जागी डोळे मिटून उभा राहायचो आणि तू वाटी रिकामी करायचीस.

बोल्ट काढला, भोक बुजवलं, वरून पत्र्याची चकती बसवली. देव आता बिस्किटांच्या डब्यात आहे, डबा कडीला दोरीने बांधला आहे. त्याची काही तक्रार नाही. डब्यात तो पूर्वीपेक्षा सुखात दिसतो.

तेव्हा आता ये. तुझ्या उशीला अभ्रा नवा घातला आहे. आजूबाजूच्या होड्या एकेक करून निघाल्या. हा वारा फार दिवस राहत नाही हे तू माझ्याहून जास्त जाणतेस. मार्च संपता संपता तो फिरला की आपण इथेच अडकू. बसच्या वेळा वॉचमनकडून घेऊन या कागदाच्या मागे लिहिल्या आहेत. येतेस ते नुसतं एका ओळीने कळव.

वाट बघतो,
मिस्त्री


६ मार्च

तुझं उत्तर नाही.

ठिबक थांबली हे वाचूनही नाही. रोज टपालासाठी वॉचमनच्या खोलीपर्यंत जातो, तो लांबूनच नाही म्हणून हात हलवतो. आता जाणं सोडलं. तो बिचारा उगाच कानकोंडा होतो.

आज सकाळी प्रार्थनेत मन लागलं नाही. फळी उचलली आणि चावी काढली. व्हॉल्व्ह उघडला. ज्याने टांगली त्यानेच काढायची, हा नियम दोघं असतात तेव्हाचा. एकट्या माणसाला एकाच होडीत दोन माणसांचे नियम पाळता येत नाहीत.

उद्या निघतो. सुकाणू बांधून ठेवलं की एकट्याला जमतं, पूर्वी लोकांनी केलं आहे. पुढच्या बंदराचा पत्ता तिथे पोचल्यावर कळवीन. कळवायचं असेल तर.


१० मार्च

कप्तानबाईंस,

परत आलो. जुन्याच धक्क्याला, जुन्याच जागी आहे. वारा पडला. इंजिनातही किरकोळ बिघाड झाला, थोडं पाणी आत आलं. काळजीचं काही नाही. मला काही झालेलं नाही, अक्षर वाकडं दिसतंय ते कागद दमट आहे म्हणून.

मागचं पत्र मिळालं असेल तर फाडून टाक. मिळालं नसेल तर उत्तम.

एक विचारायचं आहे. त्याचं उत्तर दिलंस तर बरं होईल, बाकी कशाचं नाही दिलंस तरी चालेल. तू व्हॉल्व्ह बंद केलास, तेव्हा तुला तिथे काही दिसलं होतं का?

मिस्त्री


१७ मार्च

अहो मिस्त्री,

हे अक्षर ताईचं आहे. मी सांगते आणि ती लिहिते. तिच्या मनाचं मध्ये घुसडू नकोस म्हणून बजावलं आहे, तरी ती घुसडेलच. (घुसडणार. कागद माझा, शाई माझी, बहीण माझी.)

दिसलं होतं काय म्हणून विचारता? दिसलं नव्हतं. हाताला लागलं होतं. पाइपाच्या पोटाकडून चीर गेली आहे, वरून कळत नाही, खालून हात घातला की ओलं लागतं. मी सकाळी तळ पुसायला गेले तेव्हा डाव्या हाताला लागली. दोन्ही हातांनी जोर करून व्हॉल्व्ह फिरवला, चावी टांगली आणि वर येऊन चहाच्या वेळी तुम्हाला सांगितलं. “अहो, पाइप खालून चिरलाय, मी येईपर्यंत किंवा बदलेपर्यंत इंजिनाला हात लावू नका.” तुम्ही वायर दातात धरून म्हणालात, “हं.” मला वाटलं, माणूस ऐको न ऐको, चावी तर आहे. माझं नाही ऐकलं तरी चावीचं ऐकतील.

त्यात तुम्ही माझा रुसवा वाचलात. धन्य. मला रुसायचं असतं तर मी चावी समुद्रात टाकली असती. एवढी वर्षं माझ्याबरोबर काढलीत आणि एवढंही कळत नाही?

त्याच चहाला मी दुसरीही एक गोष्ट सांगितली होती. त्यालाही ‘हं’ म्हणालात. ती कुठली, ते तुमच्या एकाही पत्रात नाही. शीड आलं, दिवा आला, बोल्ट आला, देव आला, वॉचमनची मेहुणी आली. ताईची तब्येतसुद्धा विचारून झाली. (मला काय धाड भरली आहे? मी ठणठणीत आहे.) मी ताईकडे दोन खोल्या बघायला नव्हते आले. मी हात दाखवायला आले होते. तुम्हाला सांगून आले होते.

उजव्या हाताची नस मनगटात दबली होती. गेल्या हंगामापासून बोटं झोपल्यासारखी व्हायची. वारा भरल्यावर दोर हातात आहे की सुटला तेच कळायचं नाही. मी तुम्हाला म्हणत होते, दोर हातातून सुटतो, दोर हातातून सुटतो. तुम्ही जाड दोर आणलात. तुमचं ते पहिलं पत्र वाचलं तेव्हा मी हसले आणि मग रात्रीपर्यंत कुणाशी बोलले नाही. (जेवलीही नाही. मी साक्षीदार आहे.)

ऑपरेशन झालं. हात बांधलेला आहे, म्हणून उत्तर नव्हतं. ताईकडून लिहून घ्यायची लाज वाटत होती, नवराबायकोचं तिसऱ्याच्या हातून कशाला. (तिसरी म्हणे.) डॉक्टर चांगले आहेत, गोड बोलत नाहीत. म्हणाले, फार दिवस अंगावर काढलंत. सहा महिने आधी आला असतात तर गोष्ट वेगळी. आता पेला धरता येईल, सुई धरता येईल. ओढ असलेला दोर धरता येईल असं मी सांगत नाही.

तर मिस्त्री, कप्तानाचं हे असं आहे. तुम्ही पुढच्या बंदराला खुशाल जा. मी अडवत नाही. फक्त तो पाइप बदला, आणि बदलेपर्यंत चावी होती तिथे टांगा. एवढं तरी करा माझं.

ठिबक थांबवलीत, बरं केलंत. देवाला डब्यात ठेवू नका, गंज लागेल.

(मिस्त्री, हे तिला वाचून न दाखवता लिहिते आहे. रोज पोस्टमनच्या वेळेला ती खिडकीत असते. आणि माडीवरचा नळ कधीचा गळतो आहे, इथला प्लंबर हात वर करून गेला. तुम्ही कधी आलात तर बघा. ताई.)


२१ मार्च

हात कसा आहे? बांधलेलं सुटलं का? बोटं हलवताना दुखतं का? दुखतं तर नेमकं कुठे?

हे विचारायला मला एवढी पत्रं लागली. तुझं पत्र वॉचमनने दिलं तेव्हा मी इंजिन उघडून बसलो होतो. ते तसंच उघडं आहे.

दहा तारखेला तुला खोटं लिहिलं. थोडं पाणी आलं नव्हतं. ते आता खरं लिहितो, कारण ज्याच्यापासून तू मला वाचवायला बघत होतीस ते काय होतं हे तुला कळायला पाहिजे.

किनारा दिसेनासा होईपर्यंत सगळं सुरळीत होतं. मला तर माज चढला होता. बघ, जमतंय, असं मनातल्या मनात तुला ऐकवत होतो. दुपारी वारा पडला, म्हणून इंजिन चालू केलं आणि मी वर सुकाणूपाशी बसलो. बराच वेळ गेला. इंजिनाचा आवाज बदलला, जळका वास आला, म्हणून आत डोकावलो तर केबिनमध्ये तुझ्या चपला तरंगत होत्या. इंजिन हादरून हादरून ती चीर फाटत गेली होती आणि पाइपाचं तोंडच उघडलं होतं. पाणी गुडघ्याला.

व्हॉल्व्ह बंद करायचा म्हणजे फळी उचलायची. फळीवर दोर. तोच, अंगठ्याएवढा जाड. भिजून असा जड झाला होता की हलेना. मी पाण्यात बसून ते वेटोळं ओढत होतो, खरबरीत दोराने हाताची सालं निघाली. देवाचं नाव घ्यायलाही फुरसत नव्हती. डबा डोळ्यांसमोर दोरीला लोंबकळत होता. एकदा त्याच्याकडे बघितलं आणि त्याला नाही, तुला हाक मारली. मोठ्याने. समुद्रावर कुणी नव्हतं म्हणून बरं.

वेटोळं सरकलं, फळी निघाली. दांडी हाताला लागली तेव्हा तिच्यावर चावी नव्हती. असती तर मी तिथे असा बसलोच नसतो. ‘बुडत्याचा पाय खोलात’ म्हणतात, माझा तर हातच खोलात होता आणि त्या हाताला तेवढी एक गोष्ट कळली. व्हॉल्व्ह फिरवला. मग संध्याकाळपर्यंत हातपंप मारत होतो.

सकाळी थोडा वारा आला. तू शिकवलंस तसं शीड सैल सोडून, मिळेल तेवढा वारा घेत मागे फिरलो. बंदराच्या तोंडाशी तोही गेला. मासेमारांची होडी जवळून चालली होती, त्यांना हात केला.

त्यातला एक जण ओरडला, “काय पाहुणे, समुद्र आत घेतलात वाटतं?”

“इंजिन गेलं,” मी म्हणालो.

“एवढं मोठं शीड लावून इंजिनासाठी रडताय? आणि त्या बाई कुठे आहेत, सुकाणूवर असतात त्या?”

मी हातपंपाचा दांडा पुन्हा धरला.

“त्या असत्या तर ही वेळ आली नसती,” तो दुसऱ्याला म्हणाला, मला ऐकू जाईल असं. मग दोर फेकला. धक्क्याला लागल्यावर मी त्यांना तो जाड दोर देऊन टाकला. त्यांना फार आवडला. एकदम मजबूत आहे, म्हणाले.

तुझं पत्र आल्यापासून एकच गोष्ट मनात फिरते आहे. दोर हातातून सुटतो, असं तू म्हणालीस. मी दोर ऐकला आणि दोर बदलला. हात ऐकलाच नाही. उशीवर गळतं म्हणालीस, तर मी होडी बुडते का ते बघितलं, उशीवर कोण झोपतं ते बघितलं नाही. आणि जिथे तू खरोखर पाइपाचंच सांगत होतीस, होडीचंच, तिथे मला एकदम तुझं मन दिसायला लागलं. दुरुस्ती करणाऱ्याने आधी नीट ऐकावं लागतं, आवाज कुठून येतो ते. इंजिनाला कान लावून मी सांगू शकतो कुठला नट ढिला आहे. तुझ्या बाबतीत मात्र तो कान कुठे ठेवत होतो, कोण जाणे. ‘देव तारी त्याला कोण मारी’ असं मी येता जाता म्हणायचो. आता वाटतं, देव स्वतः येऊन पाइप तपासत नाही. तो कुणाला तरी तळ पुसायला पाठवतो, आणि ते माणूस चहाच्या वेळी येऊन सांगतं.

सहा महिने. डॉक्टर म्हणाले ते सहा महिने मी परत आणू शकत नाही. सुकाणूवर उभी राहून तू डोळे बारीक करायचीस आणि वारा वळायच्या आधी दोर ढिला करायचीस, ते आता मला दिसणार नाही. कितीही बंदरं बदलली तरी नाही. याला माफी मागायची तर कुठल्या तोंडाने? मागत नाही. नुसतं लिहून ठेवतो.

होडी पाण्याबाहेर काढली. गोदीतल्या मोकळ्या जागेत लाकडी टेकूंवर उभी आहे, वर ताडपत्री बांधली आहे. वर्षभराची जागा सांगून ठेवली. बाकीच्या होड्या गेल्या. वारा यंदा लवकर, परवाच फिरला.

पाइप बदललेला नाही. नवा आणून ठेवला आहे, पण बसवलेला नाही. तू खालून हात घालून बघितल्याशिवाय बसवणार नाही, डाव्या हाताने बघ. देव डब्यातून काढून रुमालात बांधून बरोबर घेतला आहे. चावी व्हॉल्व्हवर आहे. इंजिन खाऱ्या पाण्याने जाम झालेलं, कुणी चालू करायला येणार नाही, तरी टांगली. टांगली मी, पण काढायची तू. तुझ्या नियमात एवढा बदल करून घेतो आहे. आणि तू नाही काढलीस तर ती तिथेच राहील, मी विचारणार नाही.

हे पत्र पोस्टात टाकून दोन दिवसांनी सकाळच्या बसने निघतो, म्हणजे ते माझ्या आधी पोचेल आणि दार उघडायचं की नाही ते तुला ठरवता येईल. उघडलंस तर चहा मी करीन. तू बस आणि बोल, त्या सकाळी बोललीस ते सगळं पहिल्यापासून.

ताईंना सांग, माडीवरचा नळ आणखी थोडे दिवस गळू दे. हत्यारांची पेटी मी होडीवरच ठेवून येतो आहे.